रोजच्या हिशेबातील सरळ रेषा

दहावीचा गणिताचा शेवटचा पेपर देऊन घरी आले, त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती. आता या विषयाचे तोंड पुन्हा पाहावयाचे नाही, असा निर्धार करूनच मी कला शाखेत प्रवेश घेतला. माझ्यासारख्या मैत्रिणी वर्गात पुष्कळ आहेत. पण अर्थशास्त्राच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ ओढली, मध्ये मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा काढल्या, आणि ज्याला मी घरातून घालवले होते ते गणित मागच्या दाराने पुन्हा आत आले.

प्रस्तुत लेख त्या गणिताशी समेट कसा झाला हे सांगण्यासाठी लिहीत आहे. गणिताच्या प्राध्यापकांना यात नवीन काही सापडणार नाही, त्यांनी चुका तेवढ्या दाखवाव्यात. माझा रोख आहे तो गणिताला भिऊन कला शाखेत आलेल्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींकडे.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. आपण ज्या वस्तूंना व सेवांना पैसे मोजतो त्यांतील बहुतेकांच्या किमतीचे दोन भाग पाडता येतात. एक भाग वापर होवो अथवा न होवो, द्यावाच लागतो. घरच्या वीजबिलावर ‘स्थिर आकार’ असे छापलेले असते, तोच हा भाग. दुसरा भाग वापराप्रमाणे वाढत जातो. जितकी युनिटे तितके पैसे. वापर ‘क्ष’ मानला, एका नगाचा दर ‘म’ मानला, स्थिर भाग ‘क’ मानला आणि एकूण खर्चाला ‘य’ म्हटले, तर

य = म × क्ष + क

हेच ते रेषीय समीकरण. आलेखावर मांडले की त्याची सरळ रेषा होते. ‘क’ म्हणजे ती रेषा उभ्या अक्षावर जिथून निघते ती उंची आणि ‘म’ म्हणजे तिचा चढ. काही भावांत स्थिर भाग शून्य असतो, जसे गिरणीतले दळण. काहींत चढच नसतो, जसे महिन्याची ठरावीक खानावळ. तिथे एक वेळ जेवा की दोन वेळ, रेषा आडवी ती आडवीच.

आता एकाच गरजेसाठी दोन प्रकारचे भाव समोर आले, तर दोन रेषा मिळतात. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन्ही खर्च सारखे असतात. त्या बिंदूच्या डावीकडे एक पर्याय स्वस्त, उजवीकडे दुसरा. म्हणून “यातले स्वस्त कोणते?” हा प्रश्न अपुरा आहे. “किती वापरासाठी स्वस्त?” असे विचारावयास हवे.

हा विचार आपल्याकडे परका नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात एक गमतीदार उदाहरण आहे. एका माणसाजवळ सहा घोडे व रोख ३०० आहेत. दुसऱ्याजवळ तसेच दहा घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० चे कर्ज आहे. दोघांची मालमत्ता सारखीच आहे, तर एका घोड्याची किंमत किती? आपल्या भाषेत ६क्ष + ३०० = १०क्ष − १००, म्हणून क्ष = १००. दोन रेषा मांडून त्यांचा छेदनबिंदू काढण्याचाच हा प्रकार होय. आपण आज ‘क्ष’ म्हणतो, त्या काळी अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि पुढच्या अज्ञातांना काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. नावे कोणतीही द्या, हिशेब तोच.

घोड्यांवरून आता एस. टी.कडे वळू. दहिवडीच्या स्थानकावर रोज उतरणाऱ्यांत आम्हा विद्यार्थ्यांबरोबर काही प्राध्यापक, शिपाई आणि बँकेतले कारकूनही असतात. विद्यार्थ्यांना सवलतीचा पास आहे, तो विषय वेगळा. इतर प्रवाशांसाठी महामंडळाच्या मासिक पासाची रीत अशी, की २० दिवसांचे भाडे भरावयाचे आणि ३० दिवस प्रवास करावयाचा. समजा, एका वेळचे तिकीट ‘भ’ रुपये आहे. रोज जाऊन-येऊन २भ. क्ष दिवस तिकीट काढून प्रवास केला तर

य = २भ × क्ष

आणि पास काढला तर

य = ४०भ

दोन्ही सारखे मांडले की २भ × क्ष = ४०भ, म्हणून क्ष = २०. येथे मला मौज वाटली ती ही, की ‘भ’ दोन्ही बाजूंनी उडून गेला. गाव दहा किलोमीटरवर असो वा पन्नास, भाडे वाढो वा उतरो, उत्तर वीसच. महिन्यात वीस दिवसांहून जास्त यावयाचे असेल तर पास, कमी असेल तर तिकीट. म्हणजे विचारावयाचा प्रश्न भाड्याविषयी नसून कॅलेंडराविषयी आहे. दिवाळीच्या सुटीच्या महिन्यात पास काढणारा तोट्यात जातो आणि जूनअखेरचा पास काढणारा बहुधा फायद्यात राहतो.

याच उदाहरणात एक नवी भर पडली. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. आता बाईमाणसाचा रोजचा जाण्यायेण्याचा खर्च २भ चा भ झाला, म्हणजे रेषेचा चढ निम्म्यावर आला. मासिक पास पूर्ण दराचाच धरला तर भ × क्ष = ४०भ, म्हणून क्ष = ४०. चाळीस दिवसांचा महिना कोणत्याच पंचांगात नाही! छेदनबिंदू महिन्याच्या बाहेर निघून गेला आणि पासाचा विचारच उरला नाही. एखाद्या सवलतीने नेमके काय बदलते हे पाहावयाचे असेल, तर चढ बदलला की स्थिर भाग, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

हीच दृष्टी घेऊन शेतावर जाऊ. विहिरीवरच्या मोटारीच्या विजेची आकारणी आपल्या राज्यात दोन तऱ्हांनी होत आली. एक मीटरप्रमाणे आणि दुसरी मोटारीच्या अश्वशक्तीप्रमाणे, ज्याला गावात ‘एच.पी.वरचे बिल’ म्हणतात. पहिलीत चढ आहे, दुसरीत नुसती आडवी रेषा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. त्यामुळे पाच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराने तासाला सुमारे ३.७३ युनिटे घेते. समजुतीसाठी आकडे घेऊ : आडव्या आकारणीचे महिन्याला १५०० रुपये आणि मीटरने युनिटला ३ रुपये. १५०० रुपयांत ५०० युनिटे बसतात, म्हणजे सुमारे १३४ तास. रोज साडेचार तासांच्या आसपास मोटार चालली तर दोन्ही बिले सारखी होतील. त्याहून जास्त चालवणाऱ्याला आडवी रेषा फायद्याची.

परंतु रोज साडेचार तास मोटार चालावयाची, तर विहिरीत तेवढे पाणी पाहिजे. आमचा माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी पाऊस हजारो मिलिमीटरांनी मोजतात, आणि आमच्याकडे पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. माणगंगा वर्षातून बरेच महिने नुसती वाळूची नदी असते. चैत्र-वैशाखात विहीर तासाभरात उपसते आणि मोटार बंद करावी लागते. महिन्याचे ३० तास धरले तर मीटरने बिल होईल सुमारे ३३६ रुपये, आणि आडव्या आकारणीचे तेच १५००. कालव्यावरच्या बागायतदाराला जी रेषा वरदान, तीच कोरड्या विहिरीच्या धन्याला भुर्दंड. भाव दोघांना एकच होता, पण दोघे छेदनबिंदूच्या दोन बाजूंना उभे होते. २०२४ साली शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली, तेव्हा लहान शेतकऱ्यापुरती ही रेषा थेट आडव्या अक्षावर येऊन टेकली. वीज फुकट झाली, विहिरीचे पाणी मात्र होते तेवढेच राहिले.

इथपर्यंत सगळे पुस्तकी झाले. आता घरची गोष्ट सांगते, कारण खरे शिकले ते तिथेच.

२०१८-१९ च्या दुष्काळात मी सातवीत होते. पिण्याच्या पाण्याला गावात टँकर येई, पण जनावरांची तहान त्यात भागत नसे. आमच्याकडे दोन गायी आणि दहा शेळ्या होत्या. गायीला दिवसाला ५० लिटर आणि शेळीला ५ लिटर धरले, तर रोज १५० लिटर पाणी लागे. छावणी सुरू होण्यापूर्वीचे ते आठवडे. टेम्पोवाला २०० लिटरचे पिंप ६० रुपयांना भरून देई. पाच हजार लिटरचा खासगी टँकर मागवला तर १००० रुपये पडत. (आकडे घरच्या आठवणीतले आणि सोयीसाठी गोल केलेले आहेत.) आण्णा पिंपच घेत. एक दिवसाआड, कधी रोज, साठ-साठ रुपये मोजून देत. शेजारच्या वाड्यावर मात्र टँकर येई. मला तेव्हा वाटे, आण्णांना हिशेब येत नाही.

गेल्या वर्षी रेषीय समीकरणे नीट उमगली आणि मी त्याच आकड्यांची वही काढली. पिंपांची रेषा य = ६०क्ष. टँकरची आडवी रेषा य = १०००. छेदनबिंदू क्ष = १६ पूर्णांक २/३. म्हणजे सोळा पिंपांपर्यंत पिंप स्वस्त आणि सतराव्यापासून टँकर. रोज १५० लिटरने सतरावे पिंप सुमारे बाविसाव्या दिवशी लागते. महिन्याचे पाणी ४५०० लिटर, म्हणजे साडेबावीस, तेव्हा घ्यावी लागणार तेवीस पिंपे आणि खर्च १३८० रुपये. टँकरने हेच पाणी १००० रुपयांत आले असते, शिवाय वर पाचशे लिटर शिल्लक. दरमहा ३८० रुपयांचे नुकसान! लिटरला तीस पैसे आणि वीस पैसे असा तो फरक होता.

मी वही घेऊन आण्णांपुढे बसले आणि मोठ्या ऐटीत आलेख दाखवला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “हिशेब तुझा खरा हाय पोरी. पर एकदम हजार रुपये कुणाच्या खिशात हुतं? अन् पाच हजार लिटर पाणी ठिवायचं कशात, वंजळीत?”

मी गप्प बसले. माझ्या दोन रेषा बरोबर होत्या, छेदनबिंदू बरोबर होता. चूक एवढीच, की दोन्ही रेषा आम्हाला मोकळ्या आहेत असे मी गृहीत धरले होते. आमच्याकडे हजार लिटरची एक टाकी आणि तीन रिकामी पिंपे होती. सगळे मिळून सोळाशे लिटर. साठ रुपये रोजच्या रोज दुधातून निघत, हजार एकदम निघत नसत. आण्णांना हिशेब येत नव्हता असे नाही. त्यांना माझ्यापेक्षा दोन अटी जास्त ठाऊक होत्या.

या प्रसंगातून मला जे समजले तेच या लेखाचे सार आहे. जिथे वापर जास्त तिथे बहुतेक वेळा स्थिर भाग मोठा असलेला पर्याय शेवटी स्वस्त पडतो. पण तो ‘क’ आधी आणि एकरकमी मोजावा लागतो. ज्याच्या गाठीला तो नाही त्याला चढाच्या रेषेवरूनच चालावे लागते आणि तो लिटरमागे दहा पैसे जास्त मोजतो. पास काढणे, पोते भरून धान्य घेणे, टँकर मागवणे, या सर्वांत हेच दिसते. गरिबाला वस्तू महाग पडते ती अनेकदा अडाणीपणामुळे नव्हे, तर ‘क’ न भरता आल्यामुळे.

मग यावर उपाय काय? एक उपाय त्याच उन्हाळ्यात आईने शोधला होता, हे मला नंतर कळले. मे महिन्यात तिने शेजारच्या दोघीजणींना गोळा केले आणि तिघींत मिळून एक टँकर घेतला. वाट्याला पाणी आले सुमारे १६६७ लिटर. टाकी भरली, पिंपे भरली, उरलेले हंडे-कळशांत गेले. प्रत्येकीचा खर्च ३३३ रुपयांच्या आसपास, तेच पाणी पिंपांनी घेतले असते तर ५०० रुपये पडले असते. समीकरणाच्या भाषेत, आईने ‘क’ ला तिनाने भागले. आडवी रेषा हजारावरून ३३३ वर उतरली आणि छेदनबिंदू साडेसोळा पिंपांवरून साडेपाच पिंपांच्या जवळ सरकला. पैशाची अट आणि साठवणुकीची अट, दोन्ही एका दमात सुटल्या. आईने रेषीय समीकरण हा शब्दही कधी ऐकलेला नाही.

दुसरा उपाय उसनवारीचा. समजा, महिन्याच्या बोलीने हजार रुपये व्याजाने काढून टँकर आणला असता, तर किती व्याज परवडले असते? पिंपांपेक्षा ३८० रुपये वाचतात, म्हणून १००० + व्याज हे १३८० पर्यंत चालेल. याचा अर्थ महिन्याला शेकडा ३८ इतके भयंकर व्याजही, केवळ हिशेबाने, तोट्याचे नव्हते! हे उत्तर आले तेव्हा मी तीन वेळा पडताळून पाहिले. अडलेली माणसे अवाच्या सवा व्याजाने पैसे का उचलतात, याचे एक उत्तर या एका ओळीत आहे. सावकाराचे व्याज त्यामुळे न्याय्य ठरत नाही. वाजवी व्याजाने मिळणाऱ्या लहान कर्जाची गरज किती मोठी आहे, एवढेच त्यावरून कळते.

ही गरज आमच्याच तालुक्यातील स्त्रियांनी ओळखली, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे. म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिच्या संस्थापक श्रीमती चेतना सिन्हा यांनी सांगितलेली हकीकत सर्वश्रुत आहे. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी प्लॅस्टिकचा कागद घेण्यासाठी थोडे थोडे पैसे साठवावयाचे होते, पण तिचे खाते उघडण्यास कोणी तयार नव्हते. म्हणून बायकांनी स्वतःचीच बँक काढावयाचे ठरवले. रिझर्व्ह बँकेकडे पाठवलेला पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक सभासदांत लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रिया होत्या. त्या खचल्या नाहीत. साक्षरतेचे वर्ग झाले, आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. आम्हाला कोणत्याही मुदलाचे व्याज काढावयास सांगा, तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय काढावयास सांगा आणि आधी कोणाचे होते ते पाहा, असे आव्हान त्यांनी दिले. परवाना मिळाला.

सरळव्याज म्हणजे तरी काय? मुद्दल हा स्थिर भाग आणि दरमहा वाढणारे व्याज हा चढ. त्या स्त्रिया तोंडी सोडवीत होत्या ते रेषीय समीकरणच होते. ज्यांना निरक्षर म्हणून परत पाठवले त्यांना गणित येत होते आणि दहावी झालेली मी मात्र त्याला भीत होते. लहान बचत आणि लहान कर्ज यांचा उपयोगही हाच, की एकदम न पेलणारा ‘क’ हप्त्याहप्त्याने पेलता येतो.

शेवटी या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली, प्रत्येक खर्च सरळ रेषेत वाढत नाही. एका टँकरचे पाणी संपले की दुसऱ्याचे पुन्हा हजार, तेव्हा ती रेषा खरे पाहता पायऱ्यांची आहे. दुसरी, ‘क्ष’ आधीच नक्की ठाऊक नसतो. पाऊस पंधराव्या दिवशी आला असता, तर टँकरवाल्यापेक्षा पिंपवालाच शहाणा ठरला असता. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, कागदावरच्या दोन्ही रेषा हिशेब करणाऱ्याला खरोखरी खुल्या आहेत का, हे समीकरण सांगत नाही. ते माणसालाच विचारावे लागते.

वाचकांनी स्वतः सोडवून पाहावीत अशी दोन उदाहरणे देऊन लेख पुरा करते.

१. एस. टी.चा त्रैमासिक पास ५० दिवसांचे भाडे भरून ९० दिवस चालतो. तिकिटाच्या तुलनेत तो कितव्या दिवसानंतर फायद्याचा? सलग तीन मासिक पासांच्या तुलनेत त्यात किती दिवसांचे भाडे वाचते? आणि एवढी रक्कम एकदम भरणे ज्याला जमत नाही, त्याने काय करावे?

२. खानावळ महिन्याला २४०० रुपये घेते आणि सुटे ताट ६० रुपयांना मिळते. महिन्यात किती जेवणांनंतर खानावळ परवडते? तुम्ही शनिवार-रविवार गावी जात असाल आणि उरलेले बावीस दिवस दोन्ही वेळा जेवत असाल, तर तुमचा ‘क्ष’ छेदनबिंदूच्या कोणत्या बाजूला पडतो?

उत्तरे मुद्दाम दिलेली नाहीत. पण उत्तर काढून झाल्यावर ते घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा दाखवावे, ही विनंती. वहीत न मावलेली एखादी अट त्यांना नक्की ठाऊक असेल.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)